शेजारच्या सीटचं वजन

४ जानेवारी, शनिवार

आली! गाडी आली एकदाची. गडद हिरवी, दोन सीटची, इतकी बुटकी की आत बसताना आधी डोकं सांभाळायचं की गुडघा, हा प्रश्न पडतो. शोरूममधून घरापर्यंत पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे. मी दीड तास लावला. उगाच पुलावरून दोनदा गेले.

या गावात बदली होऊन महिना झाला. जलशुद्धीकरण केंद्राची मुख्य अभियंता, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर, ओळखीचं माणूस एकच: तळमजल्यावरचे शिंपीकाका. ते दुकानातून बाहेर आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, ताई, शिवण चांगली आहे. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नसावं.

वहिनीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन. म्हणे, दोनच सीटा? म्हणजे वन्संना आता सासरचं-माहेरचं कोणीच नको! लेकीने विचारलं, आई, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी तुला हे काय सुचलं? मी म्हटलं, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गाडी मिळाली नाही म्हणून.

११ जानेवारी

एक गंमत. गाडी सुरू करून गल्लीच्या तोंडाशी आले की घंटी वाजते. समोर लाल दिवा: शेजारच्याने पट्टा लावलेला नाही. शेजारी कोणी असेल तर लावेल ना! पर्स होती, ती खाली ठेवली. छत्री मागे टाकली. तरी टिंग-टिंग चालूच. शेवटी रिकाम्या सीटला पट्टा लावला तेव्हा गाडी शांत झाली. केंद्रावर उतरताना पंपावरच्या ऑपरेटरने पाहिलं. विचारलं, मॅडम, कोणाला पट्ट्यात बांधून आणलंत? दिवसभर हाच विषय.

१८ जानेवारी

कंपनीचं पत्र आलं. या मॉडेलच्या काही गाड्यांना रिकॉल आहे. शेजारच्या सीटखालचा वजन ओळखणारा सेन्सर सदोष असू शकतो, डीलरकडे आणून बदलून घ्यावा, तोवर ती सीट रिकामी ठेवावी. वाचून हायसं वाटलं. दोष त्यांना ठाऊक आहे, म्हणजे इलाजही असणार. दोष मान्य करणारी माणसं मला आवडतात. आमच्या खात्यात तशी दुर्मीळ.

२० जानेवारी, सोमवार

सकाळी डीलरकडे. सर्व्हिस मॅनेजर इतका हसतमुख की मी मनात त्याचं नाव 'हसरा' ठेवलं. मॅडम, तीन तासांचं काम. सहा तास लागले. काचेपलीकडे गाड्या वर उचललेल्या, खाली माणसं माना वर करून उभी, दवाखान्यासारखी शिस्त. सेन्सर नवा घातला, जॉब कार्डावर सही घेतली, हसऱ्याने दारापर्यंत सोडलं.

दुसऱ्या सिग्नलला घंटी.

२७ जानेवारी, सोमवार

पुन्हा तेच. या वेळी अख्खी सीट बदलली. काम एका वयस्कर मिस्त्रींकडे होतं. जाड चष्मा, बोलणं मोजून-मापून. त्यांनी संगणक गाडीला जोडला आणि मला आत बसायला सांगितलं. ही गाडी दोन्ही सीटवरचं वजन मोजते म्हणे. पडद्यावर दोन आकडे आले. माझ्या बाजूला साठ, शेजारी चार.

मी म्हटलं, नवी सीटही बिघडलेली दिसते, शिवाय तुमचं यंत्र माझी खुशामत करतंय, माझं वजन चौसष्ट आहे. मिस्त्री हसले नाहीत. रिकाम्या सीटवर हात फिरवला, हात पुसला आणि दोन्ही आकडे कार्डावर लिहिले. हसरा म्हणाला, थोडे दिवस चालवा, आपोआप जुळून येईल.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तसं झालंय या गाडीचं.

५ फेब्रुवारी

डीलरला नऊ फोन. हसरा मीटिंगमध्ये, हसरा जेवायला, हसरा आत्ताच बाहेर पडला. एकदा सापडला तर म्हणाला, पार्ट मागवलाय. कोणता पार्ट, ते सांगेना. नुसती टोलवाटोलवी. ताकास तूर लागू देत नाही.

गाडीत एक नवीन आवाज येतो. डावीकडे वळताना शेजारच्या सीटचं कातडं करकरतं, माणूस सावरून बसतं तेव्हा होतं तसं. मी रेडिओ लावून ठेवते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आज जे पाहिलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

तीन नंबरच्या गाळणीचा हौद पाणी काढून तपासणीला उघडला होता. ओल्या वाळूच्या थरावरून मी आणि ऑपरेटर या टोकापासून त्या टोकाला गेलो. परत वळलो तर त्याच्या बुटांचे ठसे घोट्याइतके खोल आणि माझे जेमतेम उमटलेले, मांजर गेल्यासारखे. तो हसून म्हणाला, मॅडम, जेवत जा. मी पुन्हा चालून पाहिलं. टाच आपटून पाहिली.

तिथून तुरटीच्या गोण्यांच्या काट्यावर जाऊन उभी राहिले. त्रेचाळीस. एक गोणी ठेवून पाहिली. गोणी बरोबर पन्नास.

संध्याकाळी डॉक्टर. नाडी, रक्तदाब, सगळं ठणठणीत. त्यांच्या काट्यावरही तोच आकडा. माझ्याकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, आणि काटा दुरुस्तीला टाकायला हवा म्हणाले. घरी येऊन शिंपीकाकांकडून माप घेतलं. छाती, कंबर, दंड, एका सुताचाही फरक नाही. पण बाही सरळ करायला त्यांनी कापड जरासं ओढलं तर मी अख्खीच त्यांच्या अंगावर गेले. बिचारे ओशाळले. मी पाय घसरला म्हणून सांगितलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तिसरी खेप. हसऱ्याला टाळून सरळ मिस्त्रींकडे गेले. त्यांनी संगणक जोडला. एक्केचाळीस. तेवीस.

ताई, बेरीज बघा, ते हळूच म्हणाले.

चौसष्ट. सत्तावीस जानेवारीच्या कार्डावर साठ आणि चार. तेही चौसष्ट.

मग कधी नव्हे ते बोलले. या घंटीची तक्रार घेऊन याआधी सहा गाड्या आल्या होत्या. तीच सीट, तेच आकडे. सहाही तक्रारी बंद झाल्या. मी विचारलं, कशा दुरुस्त केल्यात? दुरुस्त केल्याच नाहीत, ताई. गाड्यांचे मालक स्वतः आले, तक्रार नाही म्हणून सही करून गेले. हसत आले होते. एक मास्तर होते, तक्रार घेऊन यायचे तेव्हा दर खेपेला माझ्या गुडघ्याची चौकशी करायचे. सही करायला आले तेव्हा त्यांनी मला ओळखलंच नाही.

या गाडीत पुन्हा बसू नका, ते म्हणाले.

गाडी तिथेच सोडली. हसऱ्याला लेखी दिलं: गाडी कंपनीला परत करायची आहे, तोवर तिला कोणी हात लावू नये, सुरू करू नये. त्याने हसत-हसत पोच दिली.

बसने घरी आले. ब्रेक लागला तेव्हा दोन्ही हातांनी दांडा धरला होता तरी फरफटले.

१९ फेब्रुवारी

डीलरची माणसं गाडी घेऊन बाहेर गेली होती. हसऱ्याने स्वतःच सांगितलं, जणू काही उपकारच केलेत. मॅडम, छोटीशी टेस्ट ड्राइव्ह, फक्त बारा किलोमीटर. मी लेखी दिलंय म्हटलं. तो म्हणाला, दुरुस्तीनंतर चालवून बघावीच लागते, नियम आहे.

केंद्रावर गेले. काटा: तीस.

मी एकटी उरतच जात नाही. हे वाक्य बरोबर आहे का, कळत नाही. तसंच ठेवते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

लेकीचा फोन. आवाज ऐकून तिला कळलं की काहीतरी बिनसलंय. मी एवढंच सांगितलं की डीलर दाद देत नाही. झालं, पेटलीच. आई, तू गप्प बसतेस म्हणून लोक शेफारतात, मी येऊन बघते त्यांच्याकडे. मी नको म्हटलं. जरा जास्तच जोरात म्हटलं.

खरं सांगायला हवं होतं. पण काय सांगू? तुझी आई निम्मीही राहिली नाही, असं?

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी हसऱ्याचा फोन. आभार मानायला. मॅडम, सकाळी वेळ काढून आलात, तक्रार बंद केलीत, बरं वाटलं.

मी सकाळभर बैठकीत होते. चौदा माणसं होती. त्याला तसं सांगितलं. त्याने सहीचा फोटो पाठवला. माझी सही. शेवटची रेघ मी ओढते तशीच, जराशी खाली झुकलेली.

चौदा माणसं होती. पण आता आठवतंय — कागद वाटले तेव्हा माझ्यापुढे कोणी ठेवला नाही. मी दोनदा बोलले. दोन्ही वेळा दुसरंच कोणीतरी बोलत राहिलं.

२६ फेब्रुवारी

काटा: चौदा. केंद्राचं लोखंडी दार ढकलता येईना, एका माणसामागून आत शिरले आणि तसंच बाहेर आले. आता जाणार नाही.

मिस्त्रींचा फोन. त्यांना सुट्टीवर जायला सांगितलंय. म्हणाले, ती आज गाडीतून उतरून माझ्यापाशी आली होती. हुबेहूब तुम्ही. निळा कुडता. मी विचारलं, काय म्हणाली?

विचारत होती, माझी लेक कधी पोचेल.

२७ फेब्रुवारी

लेकीला फोन लावायचाय. पडद्यावर बोट टेकवते, पडदा दाद देत नाही. दहाही बोटं झाली. नाक लावून पाहिलं. काल मिस्त्रींचा फोन मी नक्की घेतला होता — घेतला होता ना —

पेन्सिल दोन्ही हातांनी धरावी लागते.

जिन्यात जाऊन शिंपीकाकांना हाका मारल्या. ते मशीन चालवत होते. वर पाहिलं नाही.

२८ फेब्रुवारी, सकाळ

पंखा बंद केला. बटण दाबायला भिंतीला पाठ लावून —

पंख्याच्या वाऱ्याने मी कोपऱ्यात जाऊन पडत होते.

दुपार

फोन उजळला. उघडता येत नाही, पण वरच्या ओळी दिसतात. लेकीने वहिनीला आणि मला एकत्र पाठवलंय —

शोरूमला पोचले. भांडायला आले होते, तर आई आधीच इथे बसलेली. सगळं मिटलं म्हणते. मामी, आई किती छान दिसतेय गं. दोघी गाडीने घरी निघतोय. मी चालवतेय!

पंचवीस मिनिटांचा रस्ता.

त्यातली किती —

खिडकी उघडली. कशी ते माझं मला माहीत. वरून हाक मारली तर ऐकेल. माझी लेक आहे. आईची हाक ऐकेल.

आले. हिरवी गाडी. लेक उतरली, केस कापलेत तिने, मला सांगितलंही नाही. ओरडले. पुन्हा ओरडले. तिने वर पाहिलं नाही.

दुसरं दार उघडलं. ती उतरली. गाडी एवढी वर उचलली गेली — स्प्रिंगवर — केवढं वजन आहे तिचं —

तिने पाहिलं. वर. बरोबर या खिडकीकडे.

शिंपीकाका म्हणताहेत, या ताई, आज तब्येत छान दिसतेय.

खिडकी लावता येत नाही. सगळा जोर लावला. हलत नाही.

जिना. दोघींची पावलं. लेक बोलतेय, थांबत नाही, लहानपणी शाळेतून यायची तशी. आई, ऐक ना. आई, अगं ऐक ना. आणि मधूनमधून माझा आवाज हो म्हणतोय.

कडीला लोंबकळले. कडी खाली येत नाही.

दाराशी आहेत. लेक हसतेय. विचारतेय, किल्ली तुझ्याकडेच ना? बाळा मी इथे आहे मी इथे आत आहे मी —

लेक गप्प झाली. काहीतरी ऐकलं तिने. ऐकलं! म्हणाली, आई, आत कोणी आहे का?

ती म्हणाली, नाही गं, खिडकी उघडी राहिलीय, वारा आहे.

किल्ली फिरतेय. खिडकी उघडी आहे. दार उघडलं की वारा आरपार जाईल आणि मी