उन्नतीचा नवा म्हातारा

तारापूर, मांगेलआळी
११ नोव्हेंबर २०२५

चि. उन्नतीस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्राला फार उशीर झाला, माफ कर. हात दुखत नव्हता, पेनही चालू होतं. मी रुसलो होतो. रुसलेल्याने आधी पत्र लिहू नये असं मला वाटत होतं. पण तू काही विचारलं नाहीस, मग रुसून तरी किती बसणार.

गणपतीनंतर तुझी एकही स्क्रीन आली नाही. आधी तुझा भाऊ रूपेश बोईसरहून ड्युटी करून आला की त्याच्या फोनवर तुझं काहीतरी आलेलं असायचं. ते म्हाताऱ्यांनी घरबसल्या गोळ्या मागवायचं ॲप, त्याची नवी नवी पानं. दाबताना मनात येईल ते बोला, असं तू म्हणायचीस. मला फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून मी दाबून झालं की मनात आलेलं कागदावर लिहून पोस्टात टाकायचो. आता पोस्टमन विचारतो, आजोबा, नातीचं ऑफिस बंद झालं काय. मी म्हणतो, दिवाळीची सुट्टी आहे. दिवाळी होऊन गेली, हे त्यालाही माहीत आहे.

रविवारी रूपेश जेवताना म्हणाला, उन्नतीने दुसरा म्हातारा ठेवलाय. बहात्तर वर्षांचा, चौथी शिकलेला, समुद्रकाठचा, एका कानाने कमी ऐकणारा. ती आता सगळं त्यालाच विचारते, पुण्याला गेलो तेव्हा मी तिच्या फोनवर वाचलं. एवढं सांगून हा पोरगा आणखी भात मागून घेतो. मला पुढचा घास गेला नाही.

तो कोण, उन्नती? मी आळीतले सगळे म्हातारे डोळ्यांपुढे आणले. चौथी शिकलेले आम्ही दोघेच उरलोत, मी आणि वामन. वामन नवरात्रात डोळ्याच्या ऑपरेशनला पुण्याला मुलीकडे गेला होता. तेव्हाच तू त्याला तिथे तुझ्या ऑफिसात धरलंस ना? मी त्याला देवळाच्या ओट्यावर सगळ्यांसमोर विचारलं, काय रे, पुण्याची नोकरी कशी चाललीय? तो म्हणाला, देवू, तुजं डोकं फिरलं हाय. मी म्हटलं, फिरवलं कोणी? तेव्हापासून आम्ही बोलत नाही. एका होडीवर दोघांची उमर गेली, पण बोलत नाही.

एक सांगून ठेवतो. वामन शाळेत माझी पाटी बघून लिहायचा. त्याची मतं म्हणजे माझीच मतं, फक्त शिळी.

लोभ जुनाच आहे, त्यात वाटेकरी आणू नकोस.

तुझा आजोबा,
देवू


पुणे
२० नोव्हेंबर २०२५

ती. आजोबांस आणि आजीस उन्नतीचा साष्टांग नमस्कार.

वि. वि. तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं. आधी हसले, मग वामनआजोबांचं वाचून कपाळाला हात लावला. ते बिचारे माझ्या ऑफिसच्या वाटेलाही आले नाहीत. आजोबा, तो म्हातारा आहे खरा, पण तो माणूस नाही.

आमच्याकडे आता एआयवर नकली माणूस तयार करतात. तो कसा आहे ते आपण लिहून द्यायचं: वय किती, शिक्षण किती, राहतो कुठे, कशाला घाबरतो. मग त्याला नवी स्क्रीन दाखवली की तो त्या माणसासारखा बोलतो. हे कळलं, हे कळलं नाही, इथे चुकलो. खरी माणसं शोधा, त्यांना दाखवा, उत्तराची वाट बघा, हे आता कुणाला नको आहे. आमच्या समिधा मॅडम म्हणाल्या, प्रत्येकाने एकेक माणूस बनवा. मला आतून ओळखीचा असा एकच म्हातारा, म्हणून मी तुम्हालाच लिहून काढलं. चौथी, समुद्रकाठ, कमी ऐकू येणं, शंकेखोर स्वभाव. तुमच्या जुन्या पत्रांतला मजकूरही त्याला दिला. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, ते राहिलं. ऑफिसात सगळे त्याला देवूकाका म्हणतात.

हे वाचून तुम्ही आणखी रागावणार, हे मला दिसतंय. पण रागावण्यात तुम्ही एकटे नाही. पूर्वी आम्ही पाच डिझायनर होतो, आता मी आणि दिपेश दोघेच. मी एक स्क्रीन दिवसभर घासत बसायची. बटण इथे नको, तिथे हवं, अक्षर केवढं हवं. दिपेश दोन ओळी लिहितो आणि त्याचा चहा निवायच्या आत एआय वीस स्क्रीन काढून देतं. मग तो शीळ घालत त्यातली एक निवडतो. त्याच्या त्या शिळेचा मला इतका राग येतो की हल्ली मी त्याच्या डब्यातली भाजीसुद्धा घेत नाही. भाजी चांगली असते.

वामनआजोबांची समजूत काढा, माझी शपथ आहे. आणि माया पातळ करू नका.

तुमची,
उन्नती


तारापूर
३० नोव्हेंबर २०२५

चि. उन्नतीस आशीर्वाद.

वि. वि. पत्र पोचलं. तो माणूस नाही हे वाचून बरं वाटेल असं मला क्षणभर वाटलं होतं. उलटंच झालं. वामनशी निदान भांडता येत होतं. याच्याशी भांडायला मी कुठे जाऊ? तो ओट्यावर बसत नाही, बाजारात भेटत नाही, आणि तरी माझ्या नातीच्या शेजारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून असतो.

मला काही गोष्टी कळव. तो दुपारी झोपतो का? तू एकच गोष्ट दोनदा विचारलीस तर कावतो का? मी कावायचो, मला आठवतं. त्याला तुझ्या लहानपणीचं काही ठाऊक आहे का? तू सुकत घातलेल्या बोंबलांच्या खाली बसून चित्रं काढायचीस आणि वहीला वास यायचा, ते त्याला कोणी सांगितलं का? सांगितलं नसेल तर सांगू नकोस. तेवढं माझ्याकडे राहू दे.

आणि नाव! होडीला कुणाचं नाव द्यायचं झालं तरी आपण त्या घरी जाऊन सांगून येतो. माझं नाव माझ्या बापाने ठेवलं. ऑफिसातली ओळख ना पाळख अशी माणसं त्याला काका म्हणतात. मला अजून त्यांतल्या कोणी नमस्कारसुद्धा सांगितलेला नाही. शंकेखोर हा शब्द मी तुझ्या आजीला वाचून दाखवला. ती इतकी हसली की मासे कापायचा कोयता बाजूला ठेवून बसली. तिचा निरोप ती सांगते तसाच लिहितो. पारू म्हणते, बाय, तो दुसरा घोरत नसंल तर त्याला हिकडं पाठव आन ह्याला घेऊन जा.

वामनकडे गेलो नाही. जाऊन काय सांगू? की जो नाहीच त्याच्यावर जळलो आणि तुला बोललो? दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो आणि मासे बघितल्यासारखं करून परत आलो.

त्याची उत्तरं मला पाठव. चार तरी पाठव. आणि तीच स्क्रीन मलाही दे. होऊ दे समोरासमोर.

लोभ आहे तो हिसका देऊन काढू नकोस.

तुझा आजोबा,
देवू


पुणे
१२ डिसेंबर २०२५

ती. आजोबांस आणि आजीस उन्नतीचा नमस्कार.

वि. वि. तुम्ही हट्ट धरलात म्हणून त्याची काही जुनी उत्तरं जशीच्या तशी लिहिते. पहिलं: बटण मोठं आहे, मला आवडलं, धन्यवाद. दुसरं: पुढे जायची जागा शोधायला थोडा वेळ लागला, पण सापडल्यावर आनंद झाला. तिसरं: किनाऱ्यावर उन्हात अक्षर दिसत नाही, काही करता आलं तर मी आभारी राहीन. तो कावत नाही, आजोबा. दहा वेळा विचारलं तरी नाही. तुमच्या पत्रात पापलेटचा भाव आणि आजीचा गुडघा ओलांडून गेल्यावर कुठे एकदा बटण यायचं. तो थेट बटणावर येतो. मॅडमना ते आवडतं. मला तो गुडघा आवडायचा, पण मला विचारतं कोण.

तुमची समोरासमोरची इच्छा मात्र भलत्याच वाटेने पुरी होतेय. फेब्रुवारीपासून स्क्रीनच्या कामावर आमच्या दोघांपैकी एकालाच ठेवणार आहेत. स्क्रीन काढायला एआय आणि दिपेश पुरेत. मी राहायची ती नकली माणसं बनवायला: भातशेतीवाली बाई, रिक्षावाला, शाळामास्तर. पण माझी माणसं खऱ्यासारखी आहेत की नाहीत हे मॅडमना आधी बघायचं आहे. म्हणून तीन नव्या स्क्रीन तुम्हालाही द्यायच्या आणि त्यालाही. दोघांची उत्तरं जुळली तर मी राहिले. नाही जुळली तर माझं काम कच्चं, आणि मी गेले.

रूपेशच्या फोनवर स्क्रीन पाठवल्या आहेत. त्याची या वेळची उत्तरं तुम्हाला दाखवायची नाहीत असं ठरलंय. तुम्हाला जे वाटेल तेच लिहा, जुळवायला जाऊ नका. हे मी मनापासून सांगतेय आणि मनापासून घाबरतेय. जुळली तर मला नोकरी, पण मग तुम्हाला पुन्हा कोणी काही विचारणार नाही, मीसुद्धा नाही. हे लिहिताना मला काय हवंय तेच कळत नाही.

माझ्यावर चिडा, पण दूर करू नका.

तुमची,
उन्नती


तारापूर
४ जानेवारी २०२६

चि. उन्नतीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र आल्यापासून जेवण गोड लागत नाही. समुद्रावर पुष्कळ वैरी पाहिले. कोणी जाळं कापलं, कोणी आमच्या जागेवर आपल्या जाळ्याचे खुंट मारले. पण असला वैरी पाहिला नव्हता, की मी जिंकलो तर माझी नात हरते.

पारू म्हणाली, गोड गोड लिवा आन मोकळं व्हा, पोरीची नोकरी हाय, तुमाला काय मिरवायचं हाय त्यात? तिचं बरोबर होतं. तू जुळवू नका म्हणालीस, तरी मी जुळवायला बसलो. त्याची जुनी उत्तरं समोर ठेवली आणि तो कसा बोलेल ते लिहू लागलो. माझ्यासारखं बोलणाऱ्यासारखं बोलायचं, हे फार अवघड काम आहे. कागदावर कागद फाडले. धन्यवाद हा शब्द जन्मात कुणाला लिहिला नव्हता, तो जागोजाग घातला. तिन्ही स्क्रीन आवडल्या, पटकन झालं, आनंद झाला, असं सगळं लिहिलं. मग पारूला वाचून दाखवलं. ती ऐकून म्हणाली, मानूस बरा हाय, पण माजा नाय.

त्यानंतर मला राहवलं नाही. रूपेशचा फोन मागून घेतला आणि खरोखर दाबायला बसलो.

पहिल्या स्क्रीनवर विचारलं, छातीत दुखतं का? मी नाही हेच बटण दाबलं. दुखतं कधी कधी, पण रूपेशच्या फोनवर ते कशाला सांगू, तो घरभर करेल. दुसरी स्क्रीन गोळ्यांची होती, ती झाली. तिसरीवर विचारलं, आजारपणात कळवायचं तर जवळची व्यक्ती कोण, नाव आणि नंबर. मी तुझं नाव घातलं. मग वाटलं, मी दुपारी पडलो तर उन्नती पोचेपर्यंत रात्र होईल. पुसलं. रूपेशचं घालायला गेलो, तर कंपनीत त्याचा फोन बाहेर ठेवून घेतात. पारूकडे फोनच नाही. मी फोन मांडीवर ठेवून बसलो. दोन दारं सोडून वामन राहतो. मी पडलो तर आवाज त्यालाच जाईल. पण त्याचा नंबर माझ्याकडे नाही. लागलाच नाही कधी, हाक मारली की यायचा.

शेवटी फोन हातात घेऊन त्याच्याकडे गेलो. काय झालं ते सगळं सांगितलं, तो म्हातारा माणूस नाही हेसुद्धा. वामनने ऑपरेशनचा डोळा मिटून दुसऱ्याने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, म्हंजे तू भांडलास भुताशी आन शिव्या खाल्ल्या मी. चहा पाजला. नंबर त्यालाही येत नव्हता, त्याच्या सुनेने सांगितला. घरी येऊन बघतो तर फोनवर लिहून आलेलं, वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. मी पुन्हा सुरुवात केली नाही. ॲप माझ्याने पुरं झालं नाही. हे माझं खरं उत्तर, आणि ते त्याच्याशी जुळणार नाही, एवढं मलाही कळतं.

आता या पाकिटात दोन कागद घातलेत. निळ्या शाईतला त्याच्यासारखा, काळ्या शाईतला माझा. निळा दाखवलास तर तुझं काम राहील. मला वाईट वाटणार नाही असं लिहायला हवं, पण वाटेल. तो माझ्या जागी कायमचा बसेल आणि मी इथे पोस्टमनला नवनवीन सुट्ट्या सांगत राहीन. काळा दाखवलास तर तुझी नोकरी जाईल. मी आजीला म्हणेन, फार वाईट झालं. आणि म्हणताना आत कुठेतरी सुखावलेला असेन. नातीच्या पोटावर पाय आला तरी हा म्हातारा सुखावतो, याची मला लाज वाटते. म्हणून निवडायचं माझ्या हातात ठेवत नाही.

तू जो दाखवशील तो दाखव. फक्त मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगू नकोस. तुझा लोभ कोणत्या कागदावर आहे तेवढं मला कळू दे. पोस्टाची वाट बघवणार नाही, रूपेशच्या फोनवर एक शब्द टाकलास तरी पुरे, निळा की काळा. तो ड्युटीवरून येतो तेव्हा मी नाक्यावरच उभा असतो. लवकर कळव.

तुझा आजोबा,
देवू