टोपली चुलीत घातली त्यानंतर

कान्सास, अमेरिका
रविवार, २९ नोव्हेंबर १९६४

ती. मथुराबाईस,
लहान भाऊ श्रावणचा सप्रेम जय भीम. मी खुशाल आहे. तू, भाऊजी आणि पोरं बरी असाल. मारेगावात कापसाची वेचणी ऐन रंगात असेल. इथे चार दिवसांपासून बर्फ पडतो आहे आणि मी दोन स्वेटरांवर कोट घालून अस्वलासारखा हिंडतो आहे.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. पहिलं पान निळ्या शाईचं, पुढचं पेन्सिलीचं. आधी निळ्या शाईचं उत्तर देतो.

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की इकडे आपल्यासारखीच ज्वारी पिकते, मैलच्या मैल, आणि ती सगळी गुराढोरांना घालतात. ते ऐकून माय खूप हसली आणि म्हणाली, "आपली जवारी तिथं ढोरं खातात? मंग मानसं काय खातात?" तू जसंच्या तसं लिहिलंस म्हणून तिचा आवाज कानात आला. तर ऐक, माणसं काय खातात.

सकाळी दूध आणि मक्याचे कुरकुरीत पापुद्रे. दुपारी दोन पावांच्या मध्ये काहीतरी. संध्याकाळी बटाटे, बटाटे आणि बटाटे. तिखट नाहीच. पहिल्या महिन्यात मी जेवलो असं मला वाटलंच नाही, नुसतं पोट भरलं. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या चक्कीवर शेरभर ज्वारी दळून आणली आणि भाकर थापायला बसलो. पहिली तव्यावर जाण्याआधीच फाटली, दुसरीचे चार देश झाले. मायचा हात आठवत चौथी जमली. बाहेर बर्फ आणि आत गरम भाकर, वर मीठ आणि तेल. मी एकटाच रडलो. हसू नकोस.

पण गुरुवारी इथला मोठा सण होता. देवाचे आभार मानायचे आणि सगळ्या घराने एकत्र जेवायचं, एवढाच सण. आमचे प्रोफेसर मला त्यांच्या बहिणीकडे घेऊन गेले. आठ मैलांवर शेत, लाकडी घर. बहीण म्हणजे मिसेस हॅन्सन, सत्तरीची विधवा, आणि कामाला तुझ्यापेक्षा चपळ. (रागावू नकोस.) टेबलाच्या मधोमध टर्की नावाचा पक्षी. कोंबड्यांचा पाटील समज. त्याच्या पोटात पावाचा मसाला भरलेला, सोबत आंबटगोड लाल फळांची चटणी, मक्याचा पाव आणि शेवटी कोहळ्याची गोड पोळी, जाड काठाची. कोहळं पोळीत भरून भट्टीत भाजतात हे मायला सांगितलं असतं तर तिनं विश्वास ठेवला नसता.

जेवणाआधी सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून माना खाली घातल्या. माझा डावा हात म्हातारीच्या हातात. त्यांनी त्यांच्या देवाचं नाव घेतलं, मी मनात त्रिशरण म्हटलं. मी कोण, कुठला, हे कुणीही विचारलं नव्हतं. सगळं गोडच आहे असं मात्र समजू नकोस. गावाच्या दुसऱ्या टोकाला काळ्या लोकांचं प्रार्थनाघर वेगळं आहे, आणि त्या टेबलाशी त्यांच्यापैकी कुणी नव्हतं. माझं लक्ष तिकडे गेल्याशिवाय कसं राहील?

मग प्रत्येकाने आपण कशाबद्दल आभारी आहोत ते सांगायचं होतं. कुणी पिकाबद्दल बोललं, कुणी नातवाबद्दल. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "माझ्या आईनं एक टोपली जाळली, त्याबद्दल." कुणाला काही कळलं नाही. सगळे समजल्यासारखे हसले.

तुला कळेल. नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर पांढऱ्या लुगड्यातच मायनं ती टोपली चुलीत घातली होती, जी घेऊन ती संध्याकाळी घरोघरच्या मागल्या दारी भाकर मागायला उभी राहायची. त्याच जाळावर कण्या शिजवल्या. "आजपासून कोनाचं उरलंसुरलं ह्या घरात येनार नाही. भुकेनं मानूस एकदाच मरते, उष्ट्यानं रोज मरते." गावानं आपल्याला काम देणं बंद केलं, तेव्हा आपण आठ दिवस नुसती अंबाडीची भाजी खाल्ली. तू तुझ्यातली मला द्यायचीस, ते मला माहीत होतं. आणि मी इकडे निघालो तेव्हा दारव्ह्याच्या मोटारीपाशी तिनं माझ्याकडून एकच वचन घेतलं, की परक्या मुलखात उपाशी राहीन पण कुणाचं उरलेलं घरी आणणार नाही.

आता खरं सांगतो. जेवण झालं, मी कोट घातला, तर मिसेस हॅन्सननं दारात माझ्या हातात एक पुडकं ठेवलं. चंदेरी कागदात बांधलेली उरलेली टर्की, पाव आणि गोड पोळी. बाई, दार पुढचं होतं की मागचं, हेसुद्धा मला दिसेना. इतका वेळ हात धरून बसवलं आणि शेवटी टोपलीच दिली, असं वाटलं. तिची पाठ वळताच मी ते पुडकं ओट्यावरच्या बाकावर ठेवून मोटारीत जाऊन बसलो.

दोन मिनिटांत प्रोफेसर आले. त्यांच्या हातात तसलीच दोन पुडकी. मागून त्यांचा भाचा तंगडीवरून बायकोशी भांडत आला, त्याच्याही हातात पुडकं. इथली रीतच ती. प्रोफेसरांनी विचारलं, "तुझं कुठाय?" मी म्हणालो, विसरलो.

शुक्रवारी सकाळी खोलीचं दार वाजलं. बर्फातून आठ मैल गाडी हाकत म्हातारी आली होती, माझं विसरलेलं पुडकं घेऊन. प्रोफेसरांनी तिला फोन केला असणार. मला खोटं रेटता आलं नाही. टोपलीचं सगळं सांगितलं. आणि त्या भरात, बाई, पेन्सिलीच्या पानाचंही सांगितलं, जे मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

"माझी माय, रुखमाबाई, आठ तारखेला गेली."

तुला लिहायलाही मी इतका वेळ लावला. दोन दिवसांच्या तापात गेली, शेवटी पाणी तू पाजलंस, आणि मी इथे ते वाचलं तोवर सतरा दिवस उलटून गेले होते. तेवढे दिवस मी भाकरी फाटल्या म्हणून हसत होतो. गुरुवारी सणाला गेलो तो सणासाठी नाही. एकटं बसवेना म्हणून गेलो.

म्हातारीनं कोट उतरवला. माझ्या शेगडीवर तिनं ते जेवण गरम केलं, माझ्याकडच्या एकुलत्या एका ताटात वाढलं, आणि आधी स्वतः घास घेतला. मग ताट माझ्याकडे सरकवलं. आपल्याला ज्यांनी भाकर टाकली, त्यांच्यापैकी कुणी कधी आपल्या ताटातला घास घेतला होता का? मी जेवलो. पोटभर जेवलो. आता शब्द मोडला की राहिला, हे मायला विचारायची सोय नाही. तूच सांग. तू म्हणशील ते मी तिचं म्हणून ऐकीन.

जूनपर्यंत मला येता येणार नाही. माघ पौर्णिमेला तुम्ही गावी, आपल्या घरापुढे, मायच्या नावानं पुण्यानुमोदनाचं जेवण घालणार आहात. माझी एवढीच मागणी आहे. स्वयंपाक जास्तीचा कर. निघणाऱ्या प्रत्येकाला पळसाच्या पानात बांधून दे, पुढच्या दारातून, दोन्ही हातांनी. ज्यांच्या मागल्या दारी माय उभी राहायची, त्या घरचं कुणी आलं तर त्यालाही दे. मात्र देण्याआधी त्याच पानातला एक घास तू खा.

लोक विचारतील, ही कुठली रीत. सांग, रुखमाबाईच्या घरची.

तुझ्या ताटातलं खाऊन वाढलेला,
श्रावण