दारावरचं नवं कुलूप

३ मार्च, सोमवार

दादाने दुकानाचं कुलूप बदललं! सकाळी गेले तर दारावर नवं कोरं, जाडजूड, पितळी. तशीच मागे फिरले. शेजारचा शिंपी सुई हातात धरून बघत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारचं भांडण एवढं जिव्हारी लागलं? मी काय खोटं बोलले? गिऱ्हाईक नवं कुलूप घेतं आणि हा आतल्या पिना घासत अख्खी दुपार घालवतो — का, तर गिऱ्हाइकाची जुनीच किल्ली लागावी म्हणून! नवी किल्ली द्या आणि मोकळे व्हा. त्यापेक्षा आपल्या दाराचं गंजकं कुलूप बघ, म्हणाले होते. बघितलं! वर गिऱ्हाइकांसमोर — "पटत नसेल तर येऊ नकोस." बाबांनी दुकान दोघांच्या नावावर केलंय, त्याच्या एकट्याच्या नाही.

५ मार्च, बुधवार

पहिला वकील. "खटला भरू." किती वर्षं लागतील? तर पंख्याकडे बघत बसला. नकोच.

६ मार्च, गुरुवार

वहिनीचा फोन. "वन्सं, दुकानात का येत नाही हो?" वर तोंड करून विचारते! फोन आपटला.

११ मार्च, मंगळवार

ही वकीलबाई बरी वाटते. कोर्टाबाहेर, लवादापुढे तंटे मिटवायचं काम करते. बाबांच्या भागीदारीच्या कागदात तसंच लिहिलंय म्हणे — भांडण झालं तर दोघांना मान्य असा तिऱ्हाईत नेमा, तो सांगेल ते पाळा. बाबा ओळखून होते आम्हाला.

"तुम्हाला नक्की काय हवंय?" तिने विचारलं. माझ्या बाकावर बसून काम करायचंय, बस. पण तोंडून निघालं, "दुकान विका, वाटणी करा."

मग तिने दटावलं — "त्या कुलपाला हात लावायचा नाही. तुम्ही कुलूपवाल्या. उद्या म्हणतील, फोडलं." माझी जुनी किल्ली पाकिटात घालून पुरावा म्हणून ठेवून घेतली. घरी येईपर्यंत सारखी पर्स चाचपत होते.

२ एप्रिल, बुधवार

दादाचं लेखी उत्तर आलं. एकच ओळ — "मी कुणालाही बाहेर काढलेलं नाही." धडधडीत खोटं! कागद चुरगळला, मग पुन्हा सरळ केला. अक्षर त्याचंच, बाबांसारखं तिरकं. वकीलबाई म्हणाल्या, "नाकारणारच ते."

२४ एप्रिल, गुरुवार

लवाद ठरले. निवृत्त न्यायाधीश, मऊ आवाजाचे. दादा समोरच बसला होता. वाळलाय. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी तरी कशाला बघू?

"भावाने कुलूप बदलून मला हाकलून दिलं" — या जबाबावर सही केली. आता ते दुकान पाहणार आणि निकाल देणार. विकलं जाईल बहुतेक. मीच मागितलंय ना!

झोप नाही.

९ मे, शुक्रवार

दुकानापाशी सगळे जमलो. लवाद म्हणाले, "उघडा."

दादा जागचा हलला नाही. "तिच्याकडे आहे की किल्ली."

वकीलबाईंनी पाकीट फोडलं. मी लावली, माझी जुनीच. लोण्यासारखी फिरली.

भांडणानंतरच्या रविवारची अख्खी दुपार गेली असेल त्याची.