पेनिएली मास्तरांचे तीन तास

शाळेचे क्वार्टर,
२८ जानेवारी

चि. इयाकोपास ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. (पैकी एक राखून ठेवला आहे. उत्तर पुढच्या बोटीनं आलं तर पाठवीन.)

पत्रास कारण की, गेले आठ दिवस मला माझा चेहरा दिसलेला नाही. शिक्षकांच्या खोलीत एकुलता एक आरसा, त्यावर हेडबाईंनी नवं वेळापत्रक डकवलं आहे. वीस वर्षं त्या आरशात बघून मी केस बांधले आणि मग वर्गावर गेले. आता कपाळाच्या जागी सोमवार दिसतो आणि हनुवटीच्या जागी मधली सुट्टी. हेडबाईंकडे तक्रार केली, तर म्हणाल्या की भिंतीला ओल आहे, गोंद धरत नाही, काचेवर तेवढा धरतो. भिंतीला ओल का आहे, हे त्याही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

आता त्या वेळापत्रकात काय आहे ते ऐक. हायस्कुलात कोणते विषय ठेवायचे आणि कोणते काढायचे, यासाठी मानेआपाच्या छपराखाली गावसभा बसली. चटयांवर सगळं बेट. ज्याला जो विषय शाळेत जमला नव्हता, तो काढून टाका म्हणून तो उभा राहिला. सगळ्यांचं ऐकलं असतं तर शाळेत फक्त जेवणाची सुट्टी उरली असती. शेवटी गाडी येऊन थांबली पेनिएली मास्तरांच्या तीन तासांपाशी. ज्या कंदावर आपण वाढलो त्या पुलाकाचा गोड्या पाण्याचा खड्डा राखणं, माडावर चढून नीरा काढणं, होडीची दोरी वळणं. ते तीन तास काढायचे आणि त्या जागी 'परदेशी राहणी' नावाचा विषय घालायचा. दरवर्षी व्हिसाच्या सोडतीत लोकांची नावं निघतात, माणसं ऑस्ट्रेलियात जाऊन उतरतात आणि तिथं रस्तासुद्धा ओलांडता येत नाही, असं एकाचं म्हणणं. मागे बसलेली एक बाई म्हणाली की हा विषय एकदा फळ्यावर लिहिला, की समुद्राला वाटेल आपण बुडायला होकार दिला. कुणी हसलं नाही.

आदल्या दिवशी मास्तरांनी मला विचारलं होतं, सेपोला, तुझा हात माझ्या बाजूनं ना? मी म्हटलं होतं, हे काय विचारणं झालं! आणि सभेत माझा हात वर गेला तो पलीकडच्या बाजूनं. इयाकोपा, मला भीती वाटते रे. गेल्या वर्षी मोठ्या भरतीला नववीच्या वर्गात पाणी आलं. किनाऱ्याकडून नाही, खालून, जमिनीतून बुडबुडे येत. पोरींनी चपला काढून बाकावर ठेवल्या आणि मी गणित शिकवत राहिले. तेव्हापासून वाटतं, पोरांना दुसरं काही आलं नाही तरी निघून जाता आलं पाहिजे.

मास्तरांनी माझा हात पाहिला. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, की सेपोला, तुझी टोपली अजून बाकी आहे. तुला ठाऊकच आहे ती टोपली. प्रत्येक विद्यार्थ्यानं सत्रातून एकदा शाळेच्या पुलाकाच्या खड्ड्यात खत म्हणून टोपलीभर पाला आणून टाकायचा. नववीत मी डोकं दुखतंय म्हणून टाकला नाही. बत्तीस वर्षं लग्नात, बारशात, चर्चच्या दारात ते मला तोच टोमणा मारत आलेत. या वेळी मात्र सांगताना हसले नाहीत.

आणि विषय शिकवायला दिला कुणाला, तर मला. का, तर मी दोन वर्षं दूर सुवा शहरातल्या वसतिगृहात काढली आहेत. मी आजवर लिफ्टमध्ये पाय ठेवलेला नाही. तेव्हा धडे तू लिहून पाठवायचे. सहा वर्षं ब्रिस्बेनचं अन्न खातोस, एवढं तर करशील.

लोभ असू दे. तिकडे मिळत नसेल तर इकडून मागव.
तुझी ताई

*

ब्रिस्बेन,
१९ फेब्रुवारी

ती. सेपोलाताईस इयाकोपाचा शि. सा. न. वि. वि.

मी बरा आहे. काम बरं चाललं आहे. हवा बरी आहे.

आरशाबद्दल वाचून वाईट वाटलं, पण पोरांचा विचार करता वेळापत्रकच बरं दिसत असेल. (रागावू नको. राखून ठेवलेला आशीर्वाद पाठव.)

धडे लिहिले आहेत. पहिला, लिफ्ट. आत शिरायचं, वळून दाराकडे तोंड करायचं, वरचे आकडे बघत राहायचं. कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, गाणं तर मुळीच म्हणायचं नाही. दुसरा, घरभाडं. घर बघायला जाताना एकट्यानं जायचं. आपली अकरा माणसं सोबत गेली की मालकाला घर आठवेनासं होतं. तिसरा, शेजार. शेजाऱ्याचं दार कारणाशिवाय ठोकायचं नाही. मासे जास्त झाले, हे कारण होत नाही. चौथा सगळ्यात महत्त्वाचा, तो पाठच करून घे. कुणी कसे आहात म्हणून विचारलं, की बरा आहे म्हणायचं आणि चालू लागायचं. थांबून खरं सांगायला लागलं, की समोरचा घाबरतो. त्यानं काही विचारलेलंच नसतं.

पेनिएली मास्तरांना माझा नमस्कार. त्यांनी शिकवलेली दोरीची गाठ मला अजून येते का, ते बघायला दोरी नाही इथं. तू हात वर केलास त्यात काही चुकलं नाही. इथं पुलाका कोण विचारतो?

कृपा आहे ती तशीच ठेवावी, वाढवायला पोस्टाचा खर्च येतो.
तुझा इयाकोपा

*

शाळेचे क्वार्टर,
२४ मार्च

चि. इयाकोपास आशीर्वाद, राखून ठेवलेल्यासकट.

तुझा विषय जोरात चालला आहे. कपाटात लिफ्ट केली आहे. चार-चार पोरं आत शिरतात, दाराकडे तोंड करतात आणि हसून हसून कपाट हलवतात. लिफ्टमध्ये आजी असेल तरीसुद्धा बोलायचं नाही का, असं एक पोरगी विचारते. मी तुझा कागद बघून सांगते की नाही. ती म्हणते, मग आजीला जिन्यानं पाठवू.

आता खरी बातमी. सभा झाली त्याच आठवड्यात रागाच्या भरात पेनिएली मास्तरांनी सोडतीत नाव घातलं. आणि निघालं! एकाहत्तर वर्षांचा एकटा माणूस. बायको चर्चमागे पुरलेली, लेकरू नाही. सगळ्यांना वाटलं, थट्टेवारी नेतील. पण या महिन्याच्या सुरुवातीला मोठी भरती आली आणि रात्रीतून त्यांच्या पुलाकाच्या खड्ड्यात खारं पाणी भरलं. सकाळी मी गेले तेव्हा ते काठावर बसून बोट बुडवून चाखत होते. एकदा चाखलं, थुंकले, पुन्हा चाखलं. मला म्हणाले, तू शिकवतेस त्या वर्गात जागा आहे का?

तेव्हापासून ते मागच्या बाकावर बसतात. गुडघे बाकाखाली मावत नाहीत. ज्यांनी मला कान धरून दोरी वळायला शिकवली, त्यांना मी कपाटात उभं राहायला शिकवते. चौथा धडा त्यांनी पाठ केला आहे. वाटेत भेटले आणि मी तब्येत विचारली, की बरा आहे म्हणतात आणि चालू लागतात. आधी मला गंमत वाटली. मग गेल्या सोमवारी ते लंगडत होते, पाय सुजलेला दिसत होता, आणि तरी तेच म्हणून पुढे गेले. 

घरी येऊन मी तुझी पत्रं काढली. सहा वर्षांची, एकतीस पत्रं. प्रत्येकाची पहिली ओळ एकच आहे, इयाकोपा. तू मला धडा पाठवला आहेस की तुझाच कबुलीजबाब, ते मला कळेनासं झालं आहे.

आणि काल मास्तरांनी वर्गात हात वर केला. विचारलं, तिथं माणूस मेलं तर पहिल्यांदा कुणाला कळतं?  इथं काय, कुत्र्यालासुद्धा लगेच कळतं. मी म्हटलं, भावाला विचारून सांगते. ते म्हणाले, विचार, माझं जायचं त्यावर आहे.

तेव्हा विचारते आहे. मला बरा आहे लिहिलंस तर पत्र वाचणार नाही. कारण म्हाताऱ्याला मीच त्या बाकावर बसवलं आहे, आणि मी चुकीचं उत्तर सांगितलं तर ते तिथं जाऊन एका खोलीत दार लावून बसतील.

काळजीत असलेली,
ताई

*

ब्रिस्बेन,
१७ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

पहिली ओळ लिहिली आणि खोडली. तीन कागद गेले.

लिफ्टचा धडा मी बाहेरून बघून लिहिला. इथं आलो त्या पहिल्या आठवड्यात माझ्या इमारतीची लिफ्ट मला आत घेऊन दोन मजल्यांच्या मध्ये थांबली. अर्धा तास. आत आणखी तिघं होती आणि कुणी कुणाशी बोललं नाही. त्या दिवसापासून मी सहा मजले जिन्यानं चढतो. सहा वर्षं. मी काम करतो त्या गोदामातल्यांना सांगतो, व्यायाम.

मास्तरांच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत आहे. गेल्या वर्षीपासून माहीत आहे.

माझ्या भिंतीपलीकडे डॉसन नावाचा म्हातारा राहायचा. जिन्यात भेटायचा. मी विचारायचो, तो बरा आहे म्हणायचा. तो विचारायचा, मी म्हणायचो. तीन वर्षं एवढंच. संध्याकाळी त्याचा रेडिओ भिंतीतून ऐकू यायचा, मला सोबत वाटायची. मग एक दिवस पोलिस आले. तो मरून अकरा दिवस झाले होते. पहिल्यांदा कळलं ते वासावरून, ताई. रेडिओ चालूच होता. अकरा दिवस मी त्याच्या जोरावर निवांत झोपत होतो. पोलिसांनी विचारलं की शेवटचं कधी बोललात, कसे होते. मी सांगितलं, बरे होते.

तेव्हापासून मी झोपताना दाराला साखळी लावून फट ठेवतो. चोर आला तरी चालेल, कुणाला तरी कळेल.

हे वर्गात वाचून दाखव. पोरं घाबरली तर घाबरू देत. मास्तरांना सांग, येऊ नका. किंवा नको, असं सांगू नकोस. सांग, येणार असाल तर माझ्याच मजल्यावर एक खोली मोकळी आहे. डॉसनची नाही, दुसऱ्या बाजूची. मी रोज सकाळी कामावर जाताना दार ठोकीन. कारण नसताना ठोकीन.

मी बरा नाही, ताई. लिहून बघितलं, हात थोडा हलका झाला.

लोभ होता म्हणून लिहिता आलं, एवढंच कळवतो.
इयाकोपा

*

शाळेचे क्वार्टर,
९ जुलै

चि. इयाकोपास ताईचे भरपूर आशीर्वाद.

तुझं पत्र मी वर्गात वाचलं. एकदा मी ओळ अर्धीच सोडली, तेव्हा मास्तरांनी मागून पुढचं वाक्य मोठ्यांदा वाच म्हणून दटावलं, जसं पूर्वी दटावायचे. वाचून झाल्यावर मी पत्राची घडी केली. मग मास्तर म्हणाले, म्हणजे पोरगा एकटाच आहे की तिथं. आणि विषय त्यांच्यापुरता संपला. जायचं ठरलं. मला वाटतं, जमिनीपायी ते गेले नसते, तुझ्यापायी निघाले.

तुझा चौथा धडा मी फळ्यावर लिहून त्यावर काट मारली. आता पोरांना शिकवते की कुणी विचारलं तर थांबायचं आणि सगळं सांगायचं, समोरचा पळाला तरी त्याच्या पाठीला सांगायचं. हेडबाई म्हणाल्या, हे मंजूर झालेल्या यादीत बसत नाही. मी म्हटलं, मास्तर तरी कुठं बाकात बसत होते? गुरुवारचा तास मी खड्ड्याशी घेते. नोंदवहीत परदेशी राहणी असंच लिहिते.

मास्तर शनिवारी बोटीत बसले. पुलाकाचं रोप न्यायला परवानगी नाही, माती लागलेली विळीसुद्धा नाही. त्यांनी कमरेला हातानं वळलेली दोरी तेवढी गुंडाळली आहे, तुझी गाठ तपासायला. ब्रिस्बेनला उतरले की लिफ्टमध्ये दोघं मिळून जा. ते घाबरतील. तूही घाबरशील. गाणं म्हणा, लोक उतरून जातील, जागा होईल. सकाळी तू ठोक, संध्याकाळी त्यांना ठोकू दे. पाय दाखवून आण आणि डॉक्टर काय म्हणाला ते मला जसंच्या तसं कळव.

बोट दिसेनाशी झाल्यावर मी शाळेत आले. वेळापत्रक खाली पडलं होतं. आता काचसुद्धा ओल धरू लागली आहे. आरशात बघितलं, भ्यालेली बाई दिसली, तिचे केस बांधले आणि वर्गावर गेले. पुढच्या मोठ्या भरतीला सात महिने आहेत. पोरींनी विचारलं, बाई, तेव्हा तुम्ही इथं असणार ना? मी तुझ्या जुन्या धड्याप्रमाणे उत्तर देणार होते, पण थांबले. म्हटलं, माहीत नाही, मलाही भीती वाटते. 

लोभ दाराच्या फटीतून का होईना, येत राहू दे.
तुझी ताई

ता. क. रविवारी चर्चच्या घंटेआधी नीरफणसाचा पाला टोपलीभर गोळा केला आणि एकटीच खड्ड्याशी गेले. बहुतेक रोपं पिवळी पडली आहेत, उंचवट्याकडची पाच-सहा अजून हिरवी आहेत. त्यांच्या बुडाशी टोपली रिकामी केली आणि पाला पायानं दाबला. हे मास्तरांना सांगू नकोस. पत्रातून विचारायला त्यांच्याकडे काहीतरी बाकी राहिलं पाहिजे.