सुईला जुळणारा डबा

आई, तुझ्या गाण्याच्या मशीनला आता वेगळा डबा लागतो. मामाने जहाजावरून आणलेला तो जड ॲम्प्लिफायर गेल्या पावसाळ्यात गेला. दिवा पेटायचा, आवाज मात्र नाही. रिक्षात घालून कुडाळला नेला, तर तिथल्या माणसाने झाकण उघडून आतली हिरवट पूड दाखवली आणि म्हणाला, "खाऱ्या वाऱ्यान खाल्ल्यान. हेचे पार्ट आता खंय गावतले?" मी त्याच दुकानातून नवा घेतला. घरी आणून मागे बघते तर तबकडीच्या मशीनची वायर घालायला जागाच नाही. आता कोणी तबकड्या वाजवत नाही असं बनवणाऱ्यांनी धरूनच टाकलं असावं. तसं त्यांचं काही चुकलं नाही म्हणा, या वाडीत मी एकटीच, आणि आजूबाजूची घरं गणपतीला आणि मे महिन्यात उघडतात तेवढीच.

मग कळलं की मशीन आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये एक छोटा डबा बसवावा लागतो, त्याला प्री-ॲम्प म्हणतात. तबकडीवर खर्ज मुद्दाम दाबून आणि तार स्वर फुगवून कोरलेले असतात, नाहीतर चर मावायचे नाहीत. डबा ते परत जाग्यावर आणतो आणि सुईतून येणारा एवढासा आवाज मोठा करतो. जुन्या ॲम्प्लिफायरच्या पोटातच तो होता, म्हणून आपल्याला कधी त्याचं नाव घ्यावं लागलं नव्हतं. मोबाईलवर पहिला दिसला तो मागवला, जोडला, तुझी नाट्यगीतांची तबकडी लावली. शेजारच्या घरात दार लावून कोणीतरी गुणगुणावं तसं काहीतरी ऐकू आलं. बटण पुरतं फिरवलं तर गाणं तिथेच राहिलं आणि खरखर तेवढी वाढली. मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून रडले, आई. साठी उलटलेली बाई एका डब्यासाठी रडते म्हटल्यावर तू चांगली हसली असतीस.

मशीन अजून स्वयंपाकघरातच आहे. मामाने खोकं फोडलं तो दिवस मला दिसतो. तो म्हणतोय, "अक्का, तुझ्या कानांक आणलंय," आणि तू पदराला हात पुसत मशीनभोवती फिरतेयस, बाहेरच्या खोलीत ठेवायला साफ नाही म्हणतेयस. पावसात त्या खोलीच्या भिंतींना पाणी सुटतं, चुलीकडची भिंत तेवढी कोरडी. मामा धुराच्या नावाने ओरडला, तर तू म्हणालीस, "धूर लागलो तर पुसून काढूक येता. बुरशी इली काय गाणा गेला." त्यामुळे आपल्या तबकड्यांच्या पाकिटांना अजून सुक्या बांगड्याचा वास येतो. मला तो आवडतो. दुसऱ्या कोणाला आवडेल असं वाटत नाही.

कोल्हापूरच्या एका दुकानाचा नंबर मिळाला. फोन घेणारा माणूस पन्नाशीचा असावा, मालकही तोच आणि नोकरही तोच. "मावशी, डब्याचं मग बघू की. आधी सुई कसली ते सांगा," म्हणाला. भिंग घेऊन सुईच्या डोक्यावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली. त्याने समजावलं की सुया दोन जातीच्या. एकीत लोहचुंबक हलतो, दुसरीत तारेचं वेटोळं. आपली वेटोळ्याची. तिचा आवाज सुरेख पण अगदीच बारीक, म्हणून तिला जास्त वाढवणारा आणि वाढवताना खरखर न करणारा डबा हवा. मी आणलेला चुंबकवाल्या सुईचा. "नाहीतर एक करा. सुईच बदला. साधी घ्या, आहे त्या डब्यावर मस्त चालेल," तो म्हणाला, आणि माझ्या तोंडातून तुझंच वाक्य निघालं, "चप्पल पायाच्या मापान घेतत. चपलेसाठी पाय कोण कापता काय?" तो खो खो हसला. फोनच्या पलीकडे कोणी हसल्याचं मला इतकं बरं वाटलं.

ते वाक्य तू कुठे बोलली होतीस ते त्याला काय माहीत. जामसंड्याची माणसं मला बघायला आली होती. चहापोहे झाले, मुलाच्या काकांनी विचारलं, मुलगी कचेरीतली नोकरी सोडेल ना? तू कपबशा उचलता उचलता चपलेचं बोललीस. काकांनी चहा संपवला, मुलाने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि मंडळी गेली. त्या दिवशी मला तुझा केवढा अभिमान वाटला होता. अजून वाटतो. पण खरं सांगू, पावसाळ्यात वीज जाते, बाहेर माड सुसाटतात, आणि दिवसभरात आपण एक शब्दही बोललेलो नाही हे लक्षात येतं, तेव्हा वाटतं की ती चप्पल थोडी चावली असती तर चावली असती. तुझ्यावर राग नाही. थोडा आहे.

तुला माणसांचे आवाज पुरे झालेले असायचे. शाळा सुटली की मी तुझ्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये येऊन बसायची. तू कानाला तो अवजड हेडफोन लावून एका भोकातली वायर उपसून दुसऱ्यात घालतेयस, "लाईन लागली, बोला," म्हणतेयस, आणि समोरचा हॅलो हॅलो करायला लागला की मुकाट्याने लाईनीतून बाहेर पडतेयस. कोणाचा मुलगा मुंबईहून बोलायचा, कोणाला मयताची बातमी यायची. मी एकदा विचारलं, तुला ऐकावंसं नाही वाटत? "माझा काम जोडून देवचा. मगे भायर पडूचा," तू म्हणालीस. घरी आल्यावर चुलीवर भात ठेवून तू तबकडी लावायचीस आणि डोळे मिटायचीस. मी शाळेतलं काही सांगायला गेले की, "गप रव गो! दिसभर लोकांचा आयकलंय, आता माका माझा आयकूक दी." एक बाजू संपेपर्यंत भात शिजायचा, मग तू विचारायचीस, "हां, काय सांगी होतंस?" तोवर मी विसरलेली असायची.

तर कोल्हापूरचा फोन. आपल्या सुईला चालतील असे दोन डबे त्याने सांगितले. एकात सगळं ठरलेलं, दुसऱ्याला तळाशी लहान खटके, आवाज किती वाढवायचा आणि सुईवर विजेचा भार किती ठेवायचा ते आपण ठरवायचं. खटकेवाला बरा हे मला दुसऱ्याच फोनला कळलं होतं. मी हिशेबनिसाची नोकरी केलेली बाई, एवढं न कळायला काय झालं? तरी मी पुन्हा पुन्हा विचारत राहिले. शंभर ओहमचा भार ठेवू की जास्त, वायर लांब असली तर चालेल का, डबा ॲम्प्लिफायरला चिकटून ठेवावा की लांब. तो न कंटाळता सांगायचा. मग बोलणं त्याच्या आईच्या गुडघ्यांवर जायचं, मुलीच्या बारावीवर, आमच्याकडे काजू यंदा कसे धरले त्याच्यावर. दुपारी जेवण उरकून मी फोन करायची आणि फोनच्या आधी केस विंचरायची. आता मोबाईलवर कोण बघतंय केस?

शेवटी त्यानेच म्हटलं, "मावशी, पाठवूनच देतो की आता. किती दिवस गाण्याविना बसणार?" नाही कसं म्हणणार. पार्सल परवा आलं. मी खटके लावले, वायरी जोडल्या, तुझी तीच तबकडी ठेवली. आणि गाणं आलं, आई. दाराआडून नाही, समोर. गायिका तान घेण्याआधी श्वास घेते तो ऐकू आला, तबलजीने बोट घासलेलं ऐकू आलं. तू डोळे मिटून काय ऐकायचीस ते मला या वयात कळलं. दोन्ही बाजू ऐकल्या, भात करपला, आणि मग काय करावं ते सुचेना. विचारायचं काही उरलंच नव्हतं. कोणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून हे तुला लिहायला घेतलं. टपालाच्या पेटीत टाकून तरी काय, तुझ्याकडची लाईन जोडून देणारं कोणी नाही. कपाटात राहील.

मघाशी लिहिता लिहिता मध्येच त्याचा फोन आला. आपणहून, पहिल्यांदाच. "लागला का नीट? आवाज कसा आहे?" मी म्हटलं, आवाज चांगला आहे, पण मागे बारीक घूं घूं ऐकू येते. तो म्हणाला, "अर्थिंगचं असेल. काळजी करू नका, उद्या दुपारी फोन करतो, एकेक वायर काढून बघूया."

आई, घूं घूं अजिबात येत नाही.