रोमन वृद्धेच्या सुरकुत्यांबाबत खुलासा व विनंती

प्रति,
मा. अधीक्षक,
सरकारजमा हवेल्यांची देखरेख कचेरी,
हैदराबाद.

विषय : संगमरवरी अर्धपुतळ्याच्या चेहऱ्यावरील चुना काढण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ४ फेब्रुवारी १९५०.

महोदय,

अर्जदार प्रमिला एकनाथराव कळंबकर, राहणार बरकतपुरा, ही मुलींच्या सरकारी शाळेत इतिहास शिकवते. तिने "सरकारी मूर्ती विद्रूप केली" असा आपला आरोप आहे. हा शब्द आपल्याच कचेरीला सुचावा याचे तिला नवल वाटते.

१. सदर पुतळा एका रोमन वृद्धेचा असून सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा आहे. तो ज्या हवेलीत आहे तिचे तेव्हाचे मालक जहागीरदार यांनी तो विलायतेच्या सफरीत घेतला व अर्जदारास त्यावर लिहिण्याची मोकळीक दिली. डोक्याभोवती वेणी गुंडाळण्याच्या धाटणीवरून तिने त्याचा काळ ठरवला. बसलेले गाल, ओघळलेल्या पापण्या, ओठांभोवतीच्या सुरकुत्या कारागिराने अशा मायेने कोरल्या आहेत की त्या बाईला तरुण कल्पिणे हा तिचा अपमान ठरावा. अर्जदाराचा लेख या सुरकुत्यांवरच आहे.

२. हैदराबाद हिंदुस्थानात सामील झाले, जहागिरी गेल्या, हवेली आपल्या ताब्यात आली. पुतळ्याची नोंद आपण "देवी, मोडकी, नाव माहीत नाही" अशी केली. अर्जदाराने ती रोमन असल्याचे सांगितले तेव्हा आपण विचारले, "रोमन म्हणजे कोणत्या तालुक्याची?" आपण विनोद करत नव्हतात.

३. प्रजासत्ताक दिनास हीच मूर्ती भारतमाता म्हणून दर्शनी मांडण्याचे आपण योजले. "देश नवा आणि देवी म्हातारी? पाहुणे काय म्हणतील?" असे म्हणून आपण गवंडी उमाजी यास बोलावले व "हिला तरुण कर" असा हुकूम दिला. त्याने सुरकुत्यांत चुना भरला. पाहुण्यांनी ती कुणा पुढाऱ्याची दिवंगत सासू समजून हार घातला. आपण ती चूक दुरुस्त केली नाही.

४. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने तो गुळगुळीत चेहरा पाहिला आणि ती दिवाणखान्याच्या उंबऱ्यातच बसून रडली. वडील गेले तेव्हाही ती चारचौघांत रडली नव्हती. हे आपल्या सहानुभूतीसाठी नव्हे, मिसलेत, म्हणजे आपल्या कागदपत्रांत, राहावे म्हणून लिहिले आहे. मग पाणी व बांबूची काडी घेऊन ती चुना काढू लागली. डावा गाल मोकळा झाला तोच आपण तिला बाहेर काढले.

५. नोटीस बजावल्यावर आपण तिला बोलावून म्हणालात, "बाई, लेखात एवढेच लिहा की दुरुस्ती अधीक्षकसाहेबांच्या देखरेखीखाली झाली. नोटीस फाडतो. नाहीतर नोकरी जाईल."

६. आपली इच्छा अर्जदाराने पुरी केली आहे. आपले पूर्ण नाव, हुद्दा, भरलेला चुना आणि "हिला तरुण कर" हे शब्द, सारे लेखात आले आहे. लेख काल पुण्याच्या मासिकाकडे टपालाने रवाना झाला.

सबब विनंती की, उजवा गाल मोकळा करण्यासाठी सोमवारी दिवाणखाना उघडा ठेवावा. अर्जदार त्या दिवशी येईलच. तिच्या नोकरीची चिंता आपण करू नये. ती आता सरकारी नोकर म्हणून येणार नाही.

केवळ कचेरीच्या रिवाजापुरती नम्र,
प्रमिला एकनाथराव कळंबकर
हैदराबाद, दि. १० फेब्रुवारी १९५०

सोबत : शाळेस दिलेल्या राजीनाम्याची नक्कल.