टॉवेलखालचा डाव

गुवाहाटी, मंगळवार

प्रिय पप्पा,

केडगावच्या घरी सगळ्यांना माझा सलाम. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. मी बरी आहे. जेवण ठीक, भात जरा जास्तच. झोप मात्र पुरत नाही.

स्पर्धेतला माझा शेवटचा डाव आज बरोबरीत सुटला. सुरुवातीचीच गंमत सांगते. राजापुढचं प्यादं पहिल्या चालीत दोन घरं टाकायचं आणि पुढचं सगळं मी दोन महिने घोकलं होतं. पण नऊ दिवसांच्या थकव्यानं हात घरच्यासारखा चालला आणि प्यादं एकच घर सरकलं, तुमच्या गावठी नियमानं! इथं सोडलेली चाल परत घेता येत नाही. समोरच्या चेन्नईच्या बाईंना वाटलं, ही काहीतरी नवी युक्ती आहे. वीस मिनिटं विचार करत बसल्या.

चार तासांनी माझं एक प्यादं जास्त होतं, तेव्हा त्यांनी बरोबरी मागितली. मी लगेच हात पुढे केला. सगळे छान म्हणाले. पण पप्पा, मी जिंकत होते. नुसती दमले होते. आपण दमलो की पटावर टॉवेल टाकतो आणि उद्या खेळतो. इथं तशी सोय नाही.

तुमचा उजवा हात आता उचलता येतो का? गोळ्या आपणहून घेता, की तुमची काळजी घेणारी सिल्व्हियाताई ओरडल्यावर?

पुढच्या खोलीतला आपला अर्धा डाव तिला आवरू देऊ नका. मी शनिवारी पोहोचते. चाल तुमची आहे. डाव्या हातानं खेळा, हवा तेवढा वेळ घ्या. फक्त बरोबरी मागू नका, मी लगेच देऊन टाकीन.

तुमची,
दया